दहापैकी दहा, तरीही पावती स्पॅममध्ये: मेल तपासणाऱ्या साधनांची झडती

ऑर्डरची पावती, पासवर्ड बदलायची लिंक, फी जमा झाल्याचा निरोप, ओटीपी. हे मेल माणूस पाठवत नाही, प्रणाली पाठवते, आणि पाठवल्यावर तिच्या लॉगमध्ये '२५० ओके' एवढंच उमटतं. त्याचा अर्थ इतकाच की समोरच्या सर्व्हरने मेल ताब्यात घेतला. पुढे त्याने तो इनबॉक्समध्ये ठेवला की स्पॅममध्ये टाकला, हे तो पाठवणाऱ्याला कधीच कळवत नाही. परत आलेला मेल निदान बाउन्स म्हणून दिसतो, स्पॅममध्ये गेलेला मात्र कुठेच दिसत नाही. एखादा ग्राहक फोन करून 'पावती आलीच नाही' म्हणतो तेव्हा पत्ता लागतो, आणि बहुतेक ग्राहक फोन करायच्या भानगडीत पडत नाहीत.

ही आंधळी जागा उजेडात आणतो असं सांगणारी बरीच साधनं आहेत. इथे मेल-टेस्टर, अबाउट माय ईमेल, एमएक्स टूलबॉक्स, गूगल पोस्टमास्टर टूल्स, मायक्रोसॉफ्टचं एसएनडीएस, ग्लॉकॲप्ससारख्या पैसे घेऊन सीड टेस्ट (ठरलेल्या पेट्यांवर मेल पाठवून तो कुठे पडतो ते बघणं) करणाऱ्या सेवा आणि स्वतः उभा केलेला घरगुती बंदोबस्त, असा सगळा माल तपासला आहे. निकाल आधीच सांगून टाकायचा तर फुकटातली दोन साधनं, मेल-टेस्टर आणि अबाउट माय ईमेल, सुरुवातीच्या झाडाझडतीला उत्तम आहेत. पोस्टमास्टर लावून ठेवावं, पण त्याच्या भरवशावर झोपू नये. रोजच्या पहाऱ्याला मात्र घरगुती बंदोबस्ताला तोड नाही.

मेल कुठून निघतो, ते आधी बघा

बहुतेक तपासण्या पहिल्याच पायरीवर वाया जातात. तपासणारा मनुष्य पावतीचा मजकूर कॉपी करतो, आपल्या जीमेलमधून टेस्टरच्या पत्त्यावर पाठवतो आणि दहापैकी दहा गुण पाहून खूश होतो. ते गुण गूगलच्या सर्व्हरला मिळालेले असतात. ग्राहकाची पावती निघते होस्टिंगच्या सर्व्हरवरून, वेगळ्या आयपीवरून, कदाचित डिजिटल सहीशिवाय. आलेली पावती फॉरवर्ड करून पाठवली तरी हाच घोळ होतो, कारण फॉरवर्ड म्हणजे नवा मेल, नवं हेडर (मेलवरची तांत्रिक नोंद), नवा रस्ता.

एकाच दुकानाच्या साइटवर तीन-तीन रस्ते असणं अगदी नेहमीचं आहे. ऑफरचे मेल ॲमेझॉन एसईएस या मेल पाठवणाऱ्या सेवेवरून, पावती वर्डप्रेसमधून थेट पीएचपीच्या मेल फंक्शनने, आणि बिल हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून. त्यामुळे टेस्टरने दिलेला पत्ता साइटच्या नोंदणीच्या फॉर्ममध्येच भरायचा, कॅश ऑन डिलिव्हरीची खोटी ऑर्डर टाकायची, 'पासवर्ड विसरलात?' दाबायचं. मेलचे जितके प्रकार, तितक्या चाचण्या. यात पाऊण तास जातो, पण त्याशिवाय पुढच्या कुठल्याही आकड्याला अर्थ नाही.

मेलट्रॅप किंवा मेलपिटसारख्या सापळ्यांचा इथे गोंधळ करू नये. चाचणीच्या सर्व्हरवरून चुकून खऱ्या ग्राहकांना मेल जाऊ नये म्हणून ते मेल अडवून ठेवतात. त्या कामाला ते चांगलेच आहेत. पण त्यात अडकलेला मेल जीमेलच्या दारापर्यंत पोचलेलाच नसतो, तेव्हा तो स्पॅममध्ये गेला असता की नाही हे तिथून कसं कळणार?

मेल-टेस्टर: कागदपत्रं तपासणारा कारकून

वापरायला सर्वांत सोपं. पान उघडलं की एक तात्पुरता पत्ता मिळतो, त्यावर मेल पाठवायचा, बटण दाबलं की दहापैकी गुण. रोजच्या फुकट चाचण्यांना मर्यादा आहे, त्यामुळे दुरुस्ती न करता उगाच पुन्हापुन्हा पाठवू नये.

आत काय होतं? स्पॅमअसॅसिन ही स्पॅमची गाळणी चालवली जाते, एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणत्या सर्व्हरने मेल पाठवायचा याची यादी), डीकिम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (हे दोन्ही 'फ्रॉम'मधल्या नावाशी जुळतात का, याचा नियम) तपासले जातात, आयपीचं उलट नाव म्हणजे रिव्हर्स डीएनएस पाहिलं जातं, काळ्या याद्या (स्पॅमसाठी बदनाम आयपींच्या) धुंडाळल्या जातात, तुटलेल्या लिंका मोजल्या जातात. एक गोष्ट नवख्यांना हमखास चकवते. मूळ स्पॅमअसॅसिनमध्ये आकडा जितका मोठा तितका मेल वाईट, आणि ५ झाले की स्पॅम. मेल-टेस्टर चिन्ह उलटं करून दाखवतं, म्हणजे इथे उणे वाईट. 'डीकिम साइन्ड' समोर उणे ०.१ दिसलं म्हणून सही काढून टाकू नका. खाली 'डीकिम व्हॅलिड' समोर तेवढेच परत मिळालेले असतात.

लक्ष द्यावं अशा खुणा मोजक्याच. रिव्हर्स डीएनएस नसणं गंभीर आहे. मेलमध्ये फक्त एचटीएमएल आहे, साध्या मजकुराचा भागच नाही, हेही सुधारावं, दहा मिनिटांचं काम आहे. एकच मोठं चित्र आणि खाली दोन ओळी, ही दिवाळीच्या ऑफरची आवडती रचना गुण खाते, आणि ते योग्यच आहे. उलट, पासवर्डच्या मेलमध्ये 'अनसबस्क्राइब'चं हेडर नाही म्हणून लाल खूण आली तर तिकडे खुशाल दुर्लक्ष करा. जीमेल आणि याहूची एका क्लिकवर नाव काढण्याची सक्ती जाहिरातीच्या मेलना आहे, पावती आणि ओटीपीला नाही.

आता मुख्य तक्रार. जीमेल, आउटलुक आणि याहू आपापली गाळणी वापरतात, त्यात पाठवणाऱ्याचा इतिहास आणि वाचणाऱ्यांचं वागणं यांना मोठं वजन असतं. मेल-टेस्टरच्या तात्पुरत्या पत्त्याला ना इतिहास, ना वाचणारा. तेव्हा दहापैकी दहा याचा अर्थ कागदपत्रं पूर्ण आहेत. कागदपत्रं पूर्ण असली म्हणून बँक कर्ज देतेच असं नाही, पण अपुरी असली तर नक्कीच देत नाही. म्हणून हे साधन चूक शोधायला वापरावं, पास झाल्याचा दाखला म्हणून नाही.

अबाउट माय ईमेल हे वर्ड टु द वाइज या ईमेलमधल्या जुन्या सल्लागार मंडळींचं. पद्धत तीच: पत्ता घ्या, मेल पाठवा, अहवाल वाचा. पण इथे गुणपत्रिकेपेक्षा तपशिलावर भर आहे: जीमेल-याहूच्या अटींपैकी कोणती पाळली, कोणती नाही, आणि हेडरमधल्या कुठल्या ओळीमुळे. साइट बनवणाऱ्याला हेच जास्त उपयोगाचं. दुकानदाराला दाखवायला मेल-टेस्टर बरं, दुरुस्ती करणाऱ्याने अबाउट माय ईमेल उघडावं.

एसपीएफ 'पास' आणि तरीही नापास

सगळ्या साधनांच्या अहवालात सर्वांत जास्त गैरसमज होणारी ही जागा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

मेलवर पाठवणाऱ्याची दोन नावं असतात. एक वाचणाऱ्याला दिसणारं 'फ्रॉम', दुसरं पाकिटावरचं, म्हणजे रिटर्न-पाथ. एसपीएफ तपासतं ते पाकिटावरचं. साध्या होस्टिंगवर पीएचपीने मेल पाठवला की पाकिटावर बऱ्याचदा होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरचं नाव बसतं. एसपीएफ त्या नावासाठी पास होतं, अहवालात हिरवी खूण येते आणि पाहणारा निर्धास्त होतो. पण डीमार्क विचारतं की पास झालेलं नाव 'फ्रॉम'मधल्या डोमेनशी जुळतं का? नाही जुळत. डीकिमची सहीही नसेल तर डीमार्क नापास, आणि वर एसपीएफची हिरवी खूण तशीच मिरवत असते.

एसईएसवरही हीच गंमत वेगळ्या रूपात दिसते. तिथे मूळ सेटिंगमध्ये पाकिटावर ॲमेझॉनचंच डोमेन असतं, तेव्हा एसपीएफ पास, जुळणी नाही. तिथे बाजी सांभाळते ती डीकिम. एसईएसच्या 'इझी डीकिम' सोयीचे तीन सीनेम रेकॉर्ड (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे वळवणाऱ्या नोंदी) डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, बसले की सही आपल्या डोमेनची होते आणि डीमार्क पास होतं. दोन्ही पाय मजबूत हवे असतील तर 'कस्टम मेल फ्रॉम' लावून एखादं उपडोमेन पाकिटावर आणावं. एसईएसचं मुंबई रीजन वापरत असाल तर त्या उपडोमेनचा एमएक्स (मेल कुठे यावा ते सांगणारा रेकॉर्ड) त्याच रीजनच्या एसईएस पत्त्याकडे जायला हवा. दुसऱ्या रीजनचा रेकॉर्ड कॉपी केलेला असला तर पडताळणी अडकून बसते.

आणि छोट्या दुकानांत वारंवार दिसणारा प्रकार: साइट आपल्या सर्व्हरवरून मेल पाठवते, पण 'फ्रॉम'मध्ये दुकानाचा जीमेलचा पत्ता. जीमेलच्या नावाने दुसऱ्याच सर्व्हरवरून आलेला मेल गूगलला तोतया वाटणारच. याला कुठल्याही टेस्टरची गरज नाही. डोमेनचा पत्ता वापरा, ग्राहकाचं उत्तर जीमेलवर हवं असेल तर तो पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये टाका.

एमएक्स टूलबॉक्स: डीएनएससाठी उत्तम, काळ्या याद्यांसाठी घाबरवणारं

रेकॉर्ड तपासायला हे हाताशी असावंच. एसपीएफच्या पानावर एकेक 'इन्क्लुड' (दुसऱ्या सेवेची यादी जोडणारी नोंद) उलगडून दिसतं. एसपीएफला दहाच डीएनएस शोधांची मुभा आहे आणि एका इन्क्लुडच्या पोटात आणखी इन्क्लुड असतात, तेही मोजले जातात. ऑफिसचे मेल एका कंपनीकडे, पावत्या दुसरीकडे, ऑफर तिसरीकडे, तक्रारींचं हेल्पडेस्क चौथीकडे, असं झालं की अकरावा शोध कधी लागला कळत नाही, आणि मग एसपीएफ 'पर्मएरर' (कायमची चूक) होऊन बसतं. वापरात नसलेल्या सेवांचे इन्क्लुड काढणं हा पहिला उपाय. आयपी थेट लिहिलेले असतील तर ते या दहात धरत नाहीत.

दुसरी नेहमीची चूक: एकाच डोमेनवर दोन एसपीएफ रेकॉर्ड. झोहोचा आधीचा होता, एसईएस घेतल्यावर नव्याने दुसरा टाकला. दोन असले की दोन्ही बाद. एकाच ओळीत एकत्र करायचे असतात.

डीकिम तपासायला सिलेक्टरचं, म्हणजे सहीची किल्ली कोणत्या नावाने ठेवली आहे ते, नाव लागतं. ते मेलच्या हेडरमध्ये 'एस' या खुणेसमोर सापडतं. '२०४८ बिटची किल्ली टाकली तरी सापडत नाही' अशी तक्रार असेल तर दोन जागा बघा. टीएक्सटी म्हणजे मजकुराच्या रेकॉर्डचा एक तुकडा २५५ अक्षरांपलीकडे जात नाही, किल्ली तुकड्यांत द्यावी लागते, आणि काही पॅनेल उरलेला भाग गुपचूप कापतात. दुसरं म्हणजे पॅनेल स्वतःच डोमेन जोडतं आणि आपणही पूर्ण नाव लिहिलेलं असतं, मग रेकॉर्ड 'दुकान डॉट इन डॉट दुकान डॉट इन' अशा नावाने कुठेतरी पडून राहतो.

काळ्या याद्यांचं पान मात्र डोकं शांत ठेवून वाचावं. लांबलचक यादीत एखादी लाल खूण दिसली की लोक होस्टिंग बदलायला निघतात. त्यातल्या अनेक याद्यांकडे मोठे मेलवाले ढुंकूनही बघत नाहीत. स्पॅमहाउस या वजनदार यादीवाल्यांकडे नाव असेल तर धावपळ करावी, तिथेही त्यांच्या पीबीएल यादीत नाव म्हणजे गुन्ह्याची नोंद नव्हे. घरगुती ब्रॉडबँडच्या आयपीवरून थेट मेल निघू नयेत म्हणून ती यादी असते. सॉर्ब्ज ही जुनी यादी तर जून २०२४ मध्ये बंदच झाली, तरी कित्येक जुन्या स्क्रिप्टांमध्ये ती अजून शोधली जाते. स्वतःची स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून (डीएनएसची उत्तरं शोधून देणाऱ्या सर्व्हरमधून) स्पॅमहाउसला विचारलं तर उत्तर येतं १२७.२५५.२५५.२५४. याचा अर्थ 'तुमच्या या वाटेने उत्तर देणार नाही', 'तुमचं नाव यादीत आहे' असा नाही. जी स्क्रिप्ट १२७ ने सुरू होणारं काहीही आलं की घंटा वाजवते, ती रोज खोटी घंटा वाजवेल.

गूगल पोस्टमास्टर: कमी आकडा बघून हुरळू नका

जीमेलला मेल पाठवणाऱ्यांसाठीचं गूगलचं हे पॅनेल फुकट आहे, डोमेनची मालकी एका टीएक्सटी रेकॉर्डने सिद्ध करायची की झालं. नव्या रूपात कम्प्लायन्स स्टेटस (अटी पाळल्या की नाही) आणि स्पॅम रेट ही दोन पानं महत्त्वाची. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने नियम कडक केले. वैयक्तिक जीमेल खात्यांवर दिवसाला ५००० च्या घरात मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही हवेत, त्याहून कमी पाठवणाऱ्यांना एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एक तरी. स्पॅम रेट ०.१ टक्क्याखाली ठेवायचा आणि ०.३ टक्क्यांना कधीच शिवू द्यायचा नाही. म्हणजे हजार मेलमागे एकाने 'स्पॅम' दाबलं तर चालेल, तिघांनी दाबलं तर नाही.

पण हा स्पॅम रेट कशाचा, हे नीट समजून घ्या. इनबॉक्समध्ये पोचलेल्या मेलपैकी किती मेलवर लोकांनी स्वतः 'स्पॅम'चं बटण दाबलं, त्याचं हे प्रमाण. जो मेल गाळणीने थेट स्पॅम फोल्डरमध्ये टाकला, त्यावर कोण कशाला बटण दाबेल? परिणाम असा की सगळे मेल स्पॅममध्ये जात असतील तर स्पॅम रेट शून्याजवळ येतो आणि आलेख कसा छान सपाट दिसतो. रेट एकाएकी घसरला आणि त्याच आठवड्यात मेल उघडण्याचं प्रमाणही पडलं, तर पेढे वाटू नका, चाचणी घ्या.

दुसरी मर्यादा आकाराची. पुरेसे मेल जात नसतील तर पानं कोरी राहतात. दिवसाला चाळीस पावत्या पाठवणाऱ्या दुकानाला इथे आलेख दिसण्याची आशा नाही. तरी कम्प्लायन्ससाठी लावून ठेवायला हरकत नाही.

याच्याच शेजारी डीमार्कच्या रोजच्या एक्सएमएल अहवालांचा विषय येतो. त्यातून आपल्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवतात हे कळतं, विसरलेलं एखादं सॉफ्टवेअर सापडतं, त्यासाठी ते अमूल्य आहेत. पण त्यात 'डिस्पोझिशन नन' लिहिलं असलं म्हणजे मेल इनबॉक्समध्ये गेला, असा अर्थ लावू नये. डीमार्कच्या कारणावरून कारवाई झाली नाही, एवढंच ते सांगतं.

मायक्रोसॉफ्ट: पॅनेलपेक्षा हेडर बोलकं

एसएनडीएस हे पॅनेल मेल पाठवणाऱ्या आयपीची पत हिरव्या, पिवळ्या, लाल रंगात दाखवतं. स्वतःचा वेगळा आयपी असेल तरच त्याचा उपयोग. एसईएस किंवा होस्टिंगच्या सामायिक आयपीवर असाल तर हा परिच्छेद सोडून द्या.

त्यापेक्षा आउटलुकच्या एका पेटीत मेल पाठवा आणि हेडर उघडा. 'एक्स-मायक्रोसॉफ्ट-अँटिस्पॅम-मेलबॉक्स-डिलिव्हरी' या ओळीत 'डेस्ट' असं फील्ड असतं. पुढे आय असेल तर इनबॉक्स, जे असेल तर जंक. 'फोरफ्रंट'च्या ओळीत एससीएल हा स्पॅमच्या संशयाचा आकडा असतो. १ म्हणजे ठीक, ५ किंवा ६ म्हणजे स्पॅम, ९ म्हणजे खात्रीचा स्पॅम. पाठवणाऱ्याला इतकं सरळ उत्तर जीमेल देत नाही. तिथे 'शो ओरिजिनल'मध्ये तिन्ही तपासण्यांचे निकाल दिसतात आणि स्पॅममधल्या मेलवर एक मोघम कारण लिहिलेलं असतं. पण त्याच पानावर मेल किती सेकंदांत पोचला तेही असतं, आणि ओटीपीसाठी ते पाहायलाच हवं. दहा मिनिटांचा ओटीपी आठव्या मिनिटाला पोचत असेल तर स्पॅममध्ये गेल्यासारखाच. उशीर कुठे झाला हे 'रिसीव्हड'च्या ओळी खालून वर वाचल्या की कळतं, आणि पुष्कळदा तो आपल्याच रांगेत झालेला असतो.

५ मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुक, हॉटमेल आणि लाइव्हच्या पत्त्यांसाठी दिवसाला ५००० हून जास्त मेल पाठवणाऱ्या डोमेनना तिन्ही तपासण्यांची सक्ती केली. बाउन्समध्ये ५५० ५.७.५१५ दिसलं तर हेच कारण. जीमेलकडून येणारा भाऊबंद म्हणजे ५.७.२६.

ग्राहक कंपन्या असतील तर आणखी एक कोपरा तपासावा लागतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ काही मेल जंकमध्येही टाकत नाही, क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या कोंडवाड्यात, ठेवते. 'जंकमध्ये पाहिलं, तिथेही नाही' असं ग्राहक सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याच्या आयटीवाल्याला मेसेज-आयडी (प्रत्येक मेलची वेगळी ओळख) देऊन मेसेज ट्रेस, म्हणजे मेलचा माग, काढायला सांगावं. त्यासाठी पाठवताना मेसेज-आयडी आपल्या लॉगमध्ये जपून ठेवायला हवा, आणि तो बहुतेकांनी ठेवलेला नसतो.

पैसे मोजून सीड टेस्ट: कधी घ्यावी

ग्लॉकॲप्ससारख्या सेवा पत्त्यांची एक यादी देतात, मेलमध्ये घालायला एक ओळखचिन्ह देतात, आणि यादीतल्या कोणत्या पेटीत मेल इनबॉक्समध्ये आला, कुठे प्रमोशन्समध्ये (जाहिरातींच्या टॅबमध्ये), कुठे स्पॅममध्ये, कुठे बेपत्ता, याचा तक्ता दाखवतात. तक्ता देखणा असतो, साहेबांना दाखवायला सोयीचा.

अडचण अशी की पासवर्डचा मेल एका वेळी एकाच खात्याला जातो. यादीतल्या प्रत्येक पत्त्यावर तो पाठवायचा तर प्रत्येकाचं खातं उघडावं लागेल. लोक मग टेम्पलेट उचलून ऑफरच्या मेलसारखा एकगठ्ठा पाठवतात, म्हणजे पुन्हा चुकीचा रस्ता. शिवाय या पेट्या कुणी वाचत नाही, उत्तर देत नाही, आणि यादीत युरोपातल्या अशा पेट्याही असतात ज्यांच्याशी कोल्हापूरच्या दुकानाचा संबंध नाही. आधी स्वतःच्या डेटाबेसमध्ये ग्राहकांच्या पत्त्यांचा ॲटनंतरचा भाग मोजून घ्या. बहुतांश जीमेल असेल तर तक्त्यातल्या बाकीच्या रांगा शोभेच्या. डोमेन बदलताना, नवा आयपी घेताना एक महिना घ्यावी, वर्षभराची वर्गणी नको.

मराठी विषयाची ओळ

परदेशी साधनं इथे कमी पडतात, म्हणून हे वेगळं तपासावं. देवनागरीतला विषय हेडरमध्ये तसाच पाठवत नाहीत, बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांच्या सांकेतिक रूपात, गुंडाळून तुकड्यांत पाठवतात. एक तुकडा जास्तीत जास्त ७५ अक्षरांचा, त्यातली १२ वेष्टनात जातात, उरलेल्यात ४५ बाइट मावतात. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रेलाही, ३ बाइट लागतात. म्हणजे एका तुकड्यात १५ चिन्हं.

'आपल्या ऑर्डरची पावती' हा विषय घ्या. अठरा चिन्हं आणि दोन मोकळ्या जागा मिळून ५६ बाइट, तेव्हा दोन तुकडे हवेतच. नियम असा की चिन्ह मध्येच तोडायचं नाही. पण घरी लिहिलेला कोड डोळे मिटून ४५ व्या बाइटवर कापतो. 'पावती'मधला 'प' ४४ व्या बाइटला संपतो, आणि कात्री बसते ती त्याच्या कान्याच्या पहिल्या बाइटनंतर. वाचणाऱ्याला दिसतं 'प', मग दोन-तीन चौकोन किंवा प्रश्नचिन्हं, मग 'वती'. गाळणीलाही हा विषय मोडकाच दिसतो. पीएचपीचं मेल फंक्शन विषय गुंडाळतच नाही, ते आपण करायचं असतं. पीएचपीमेलर हे मेल पाठवायचं तयार कोडचं पॅकेज ते करतं, पण त्याचा मूळ कॅरेक्टर सेट आयएसओ-८८५९-१ आहे. तो यूटीएफ-८ केला नाही तर ग्राहकाला मराठीऐवजी टोप्या घातलेल्या लॅटिन अक्षरांची रांग मिळते. विषय मुद्दाम लांब ठेवून एक चाचणी घ्या, 'पावती' इतकाच विषय ठेवला तर ही चूक कधीच उघडी पडणार नाही.

घरगुती बंदोबस्त

सात-आठ खरी खाती उघडा: जीमेलची तीन, आउटलुकची दोन, याहूचं एक, रेडिफमेल किंवा झोहोचं एक, आणि ग्राहक कंपन्या असतील तर गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ चं एक. साइटवर या प्रत्येकाचं ग्राहक खातं करा. या पेट्यांत आपला पत्ता कॉन्टॅक्टमध्ये टाकायचा नाही, फिल्टर लावायचा नाही, आणि स्पॅममध्ये सापडलेला मेल 'नॉट स्पॅम' म्हणून बाहेर काढायचा नाही. एकदा हात दिला की ती पेटी आपल्या घरची होते, तिची साक्ष मग धरता येत नाही. दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल हटवू शकतं, म्हणून महिन्यातून एकदा ब्राउझरमधून लॉगिन करा.

दर तीन तासांनी क्रॉन (सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) खऱ्या 'पासवर्ड विसरलात'च्या फॉर्मवरून एकेका खात्यासाठी मेल मागवतो. पाच मिनिटं थांबून आयमॅपने (पेटी दुरून वाचायच्या पद्धतीने) आधी इनबॉक्स, मग स्पॅम फोल्डर शोधतो, आणि 'इनबॉक्स', 'स्पॅम', 'बेपत्ता' यांपैकी एक नोंद करतो. शोध मेसेज-आयडीने घ्यावा. ओळखीसाठी विषयात आकडे कोंबले तर आपण ग्राहकाला जातो त्यापेक्षा वेगळाच मेल तपासत बसतो.

इथे फसण्याच्या जागा बऱ्याच आहेत. जीमेलच्या स्पॅम फोल्डरचं आयमॅपमधलं नाव खात्याच्या भाषेप्रमाणे बदलतं. खातं मराठीत असेल तर इंग्रजी नावाने ते सापडणार नाही, म्हणून फोल्डरवरची 'जंक' ही खूण बघून शोधावं. याहूत तोच फोल्डर 'बल्क' नावाने असतो. जीमेलला साधा पासवर्ड चालत नाही, टू-स्टेप सुरू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. आउटलुकच्या वैयक्तिक खात्यांवर सप्टेंबर २०२४ पासून साध्या पासवर्डने आयमॅप बंद आहे, तिथे ओऑथ (पासवर्डऐवजी परवानगीचं टोकन) करावंच लागतं, आणि स्क्रिप्टचा निम्मा वेळ त्यातच जातो. आयमॅपऐवजी जीमेल एपीआय वापरणाऱ्यांनी स्पॅम आणि ट्रॅश धरण्याचा पर्याय सुरू करावा. तो मुळात बंद असतो, आणि मग स्पॅममधला प्रत्येक मेल 'बेपत्ता' म्हणून नोंदला जातो.

आठातली एक पेटी एकदा स्पॅम म्हणाली तर फक्त नोंद ठेवा. एकाच कंपनीच्या दोन पेट्या लागोपाठ दोन फेऱ्यांत स्पॅम म्हणाल्या तर घंटा वाजवा. तेव्हा पहिला प्रश्न: गेल्या ४८ तासांत काय बदललं? डीएनएस, टेम्पलेटमधली नवी लिंक, छोट्या लिंकची सेवा, की ऑफरचा मोठा गठ्ठा त्याच डोमेनवरून गेला? शेवटचं कारण निघालं तर पावत्यांना वेगळं उपडोमेन द्या, म्हणजे सेलच्या मेलवर चिडलेल्यांचा राग पावतीवर निघणार नाही.

घंटा मात्र मेलने वाजवू नका. मेल स्पॅममध्ये जातोय हे कळवणारा मेलही त्याच वाटेने स्पॅममध्ये जाईल. एसएमएस पाठवायचा तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमाप्रमाणे डीएलटी या नोंदणी व्यवस्थेवर टेम्पलेट मंजूर करून घ्यावं लागतं. त्यापेक्षा टेलिग्रामचा बॉट अर्ध्या तासात उभा राहतो.